गाडीपासून दारापर्यंतचं लंगडणं

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय चाळीस. काही वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं. बघणाऱ्याला मी ठणठणीत दिसते. चालता येतं, पण थोडं अंतर गेलं की उजवा पाय उचलला जात नाही. उन्हात डोळ्यांपुढे धूसर होतं. डॉक्टरांच्या दाखल्यावर मला दिव्यांगांसाठी राखीव पार्किंगचा परवाना मिळाला आहे आणि तो मी समोरच्या काचेपाशी लावते. तरी गाडीतून उतरले की नजरा वळतात. एकदा एका वयस्कर गृहस्थांनी चारचौघांत विचारलं, 'चांगल्या धडधाकट आहात, लाज नाही वाटत?' एकदा वायपरखाली तशाच अर्थाची चिठ्ठी सापडली. तेव्हापासून मी गाडीतून उतरल्यावर दारापर्यंत मुद्दाम लंगडत जाते. आत गेले की नीट चालते. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, 'आई, तू गाडीपाशीच का लंगडतेस?' मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणतो, एक काठी घेऊन ठेव, कुणी बोलणार नाही. मला मात्र वाटतं की परवानाच परत करून टाकावा. चालता येतंय तोवर ही जागा खऱ्या अपंगांसाठी सोडू का?"

प्रिय मैत्रीण,

परवाना परत करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. तुमच्या मनातला खरा अपंग व्हीलचेअरवर बसलेला आहे, आणि त्याच्या हक्काच्या जागेत आपण घुसलो आहोत असं तुम्हाला वाटतं. त्या गृहस्थांच्या मनातही नेमकं हेच होतं. त्यांनी तुम्हाला एकदाच सुनावलं. तुम्ही मात्र तेच स्वतःला दर फेरीला सुनावता आहात. त्यामुळे ते काय म्हणाले यापेक्षा तुम्ही त्यांचं म्हणणं मनातल्या मनात मान्य का केलंत, याचा विचार आधी करू या.

ती जागा कोणासाठी असते? नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण ते वाचले की एक गोष्ट लक्षात येते: माणूस कसा दिसतो याचा विचार त्यात फारसा नसतोच. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९१ मध्ये अशा परवान्यांसाठी निकष ठरवले. त्यात काठी, कुबडी किंवा व्हीलचेअरशिवाय चालू न शकणारे आहेतच. पण त्यांच्या बरोबरीने २०० फूट, म्हणजे साधारण साठ मीटर, मध्ये न थांबता चालता येत नाही असे लोक आहेत, गंभीर हृदयविकाराचे रुग्ण आहेत, फुप्फुसांची क्षमता फार कमी झालेले आहेत. यातल्या कितीतरी जणांकडे बघून काहीच कळणार नाही. इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वांचाही परवान्याच्या नियमांत स्पष्ट समावेश झाला. ऑटिझम किंवा डिमेन्शिया असलेल्या माणसाला गाडीपासून दारापर्यंतचा प्रवास कसा जीवघेणा होऊ शकतो, याची दखल तिथे घेतली गेली. भारताचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यांपैकी एक आहे. पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेलही आहेत. तेव्हा तुम्ही कुणाच्या मेहेरबानीवर त्या जागेत उभ्या नाही आहात.

मग फलकावर व्हीलचेअरचंच चित्र का? कारण लांबून, क्षणात, कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल असं एक चिन्ह हवं होतं. सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये ते काढलं. मूळ आकृतीत माणूसच नव्हता, फक्त रिकामी खुर्ची. खुर्चीत कुणी बसल्यासारखं दिसावं म्हणून, असं चिन्ह शोधणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल मोंटान यांनी वर डोक्याचा गोल जोडला, आणि पुढे ते जगभर गेलं. त्या चित्राने फार मोठं काम केलं आहे. पण पन्नासहून अधिक वर्षं तेच बघून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक समीकरण बसलं: खुर्ची असेल तर अपंग, नसेल तर लबाड. प्रत्यक्षात व्हीलचेअर वापरणाऱ्यांतलेही बरेच जण उभे राहू शकतात, चार पावलं टाकू शकतात. गाडीच्या डिकीतून खुर्ची काढायला ते उठले, तरी लोक त्यांच्याकडे चोर पकडल्यासारखं बघतात.

तुमच्या बाबतीत बघणाऱ्यांची आणखी एक गफलत होते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पार्किंगमध्ये लोक तुम्हाला पाहतात, तेव्हा तुम्ही नुकत्याच गाडीतून उतरलेल्या असता. बसून विश्रांती झालेली असते, गाडीतला एसी अंगाला लागलेला असतो. त्या फेरीतला तो तुमचा सगळ्यात चांगला क्षण. अर्ध्या तासाने एखाद्या रॅकला धरून तुम्ही उभ्या असता, उजवा चवडा फरशीला घासत असतो, ट्रॉलीत सामान कमी आणि तुमचं वजन जास्त असतं, तेव्हा ते गृहस्थ तिथे नसतात. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि पुस्तकाचा निकाल लावून टाकला.

हा आजारच असा आहे. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि मेंदूकडून निघालेला संदेश वाटेत अडखळतो. थोडं अंतर चालेपर्यंत तो कसाबसा पोहोचतो, पाय दमला की पोहोचत नाही. शरीराचं तापमान जरासं वाढलं तरी हा अडथळा वाढतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवलं होतं की अशा रुग्णांची नजर श्रमानंतर मंदावते आणि थांबल्यावर पुन्हा सुधारते. श्रमाने शरीर तापतं, तसंच उन्हानेही. उन्हात तुमच्या डोळ्यांपुढे धूसर होतं, ते हेच. एकाच दुपारी एकच बाई दोन वाजता सरळ चालते आणि पावणेतीनला भिंत धरते, यात काहीही बनाव नाही.

आणि हेही बघा: तुम्ही दाराजवळ गाडी लावता म्हणून आत गेल्यावर नीट चालता. लांबच्या टोकाला लावली असती, तर काम सुरू व्हायच्या आधीच पायातली ताकद संपली असती. म्हणजे तुम्ही धडधाकट दिसता त्याला थोडीफार ती जागाच कारणीभूत आहे, आणि लोक मात्र तुम्ही धडधाकट दिसता म्हणून ती जागा सोडायला सांगतात. परवाना परत केलात तर काय होईल? नवी जागा तयार होणार नाही, आहेत तेवढ्याच राहतील. फक्त एक बाई घराबाहेर पडणं हळूहळू कमी करेल. आधी गर्दीच्या वेळा टाळेल, मग लांबची कामं, मग मुलाच्या शाळेतले कार्यक्रम.

आता त्या गृहस्थांकडे वळू. त्यांचा राग मी मोडीत काढणार नाही. राखीव जागांचा गैरवापर होतो, आणि राजरोस होतो. "दोनच मिनिटं" म्हणत गाडी लावून जाणारे आहेत. घरातलं आजारी माणूस गेल्यावरही त्याचा परवाना वर्षानुवर्षं वापरणारे आहेत. व्हीलचेअर वापरणारा माणूस सगळ्या जागा भरलेल्या बघून गाडीतूनच परत जातो, तेव्हा त्याच्या घरच्यांचं रक्त उकळतं. त्या गृहस्थांच्या घरात असं कुणी असेलही. कुणाच्या तरी हक्काची काळजी त्यांना आहे, म्हणून तर ते बोलले.

पण चाल बघून न्याय करण्याची ही पद्धत उलटंच काम करते. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो टोमणा ऐकून हसतो आणि निघून जातो. ज्याला टोमणा लागतो, तो प्रामाणिक माणूस असतो. तो दुसऱ्या दिवसापासून गाडी लांब लावतो. म्हणजे लाज काढून जागा मोकळी झालीच, तर ती तुमच्यासारख्यांची होते.

म्हणूनच तुमच्या लंगडण्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. तुमचा आजार खरा आहे, लोकांना तो समजत नाही, म्हणून त्यांना समजेल असं काहीतरी तुम्ही त्यांना दाखवता. भीतीपोटी माणूस असं करतो. अशी पत्रं मला इतरांचीही येतात. कुणी गाडीतून उतरताना मुद्दाम कण्हतं, कुणी औषधांची पिशवी दिसेल अशी हातात धरतं. तरी हे थांबवा असं मी आग्रहाने सांगेन, आणि त्यामागे माझं नीतीचं काही म्हणणं नाही. एक तर मुद्दाम वाकडं चालण्याने कंबरेवर आणि चांगल्या पायावर जास्तीचा ताण येतो. मुळात तोकड्या असलेल्या ताकदीतली काही दारापर्यंतच संपते. दुसरं असं की चालण्यातला बदल ही तुमच्या आजारात फार महत्त्वाची खूण आहे. नवा अशक्तपणा आला आणि ताप वगैरे नसताना चोवीस तासांहून जास्त टिकला, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो आणि डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. रोज लंगडण्याची सवय लावून घेतलीत, तर यातलं खरं कुठलं आणि सवयीचं कुठलं, हे उद्या तुम्हालाच ओळखता येणार नाही. आणि तुम्हाला लंगडताना पाहून लोकांचं समीकरण आणखी पक्कं होतं. तुमच्या मागून हृदयविकाराचा रुग्ण सरळ चालत आला, की त्याच्यावर दुप्पट आवाज चढतो.

काठीचंही तसंच आहे, पण तिथे एक उपप्रश्न आहे. लोकांना दाखवायला काठी नको. मात्र परतीच्या वाटेवर पाय खरंच घासत असेल, तर फिजिओथेरपिस्टला भेटा. त्यांना घडीची काठी, घोट्याला आधार देणारा पट्टा, असं काही सुचवावंसं वाटेल. ते गरजेपुरतं, गरज असेल तेव्हा वापरा. जाताना काठी पिशवीत आणि येताना हातात, असं झालं तरी काही बिघडत नाही. मला काळजी एवढीच आहे की आज नाटकासाठी काठी हातात घेतलीत, तर खरी गरज लागेल त्या दिवशी तुम्हाला तिचा तिटकारा येईल.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्या. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं नक्की कळतं: "माझा आजार बाहेरून दिसत नाही, म्हणून काही लोक रागावतात. मला त्यांची भीती वाटली, म्हणून मी लंगडत होते. आता ते थांबवायचं ठरवलंय." त्याने पाहिलं आणि विचारलं, यात त्याचं काही चुकलं नाही, हे त्याला कळू द्या. उतरताना परवाना नीट दिसतोय ना, हे बघायचं काम हवं तर त्याच्याकडे सोपवा. तुमच्या वतीने भांडायचं काम मात्र त्याच्याकडे नको.

कुणी पुन्हा बोललं तर? आधी हे ठरवून टाका की रस्त्यावरच्या माणसाला आपली वैद्यकीय फाइल दाखवायला आपण बांधील नाही. आजाराचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "पण तुम्ही तर चालताय." मग स्पष्टीकरण, मग वाद, आणि ते सगळं उन्हात उभं राहून. म्हणून एकच वाक्य तयार ठेवा आणि घरी मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे ऐन वेळी आवाज कापणार नाही. "परवाना माझ्या नावाचा आहे आणि काचेपाशी लावलाय. सगळे आजार दिसत नाहीत." एवढं म्हणून चालू लागा. समोरचा खरंच चिंतेने बोलत असेल तर तो इथेच थांबतो, प्रसंगी माफीही मागतो. त्याला फक्त भांडायचंच असेल, तर दुसरं वाक्यही त्याला पुरणार नाही. काही न बोलता पुढे जाणं हेही एक उत्तरच आहे. अंगात बोलायची ताकद नसेल त्या दिवशी तेच करा आणि घरी येऊन स्वतःला भित्री म्हणू नका. परवाना तपासायचा अधिकार ज्यांना आहे, म्हणजे पार्किंगचे कर्मचारी, सुरक्षारक्षक, पोलीस, त्यांना तो विनातक्रार दाखवा. तपासणी होणं तुमच्याच फायद्याचं आहे.

कुणी गाडी अडवली, मागे आलं, गाडीचा किंवा तुमचा फोटो काढायला लागलं, तर मात्र समजावत बसू नका. गाडीत बसून दारं लावून घ्या, किंवा जवळ असाल तर आत जा. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लगेच सांगा. धमकीची भाषा झाली तर पोलिसांना कळवायला कचरू नका. चिठ्ठी टाकून देऊ नका. पुन्हा अशीच आली तर तक्रार करताना उपयोगी पडते.

तुमच्या मनात व्हीलचेअरवाल्यांबद्दल जी टोचणी आहे, ती मला आवडली, आणि तिला वाव देण्याची एक चांगली वाट आहे. राखीव जागा दोन कारणांनी उपयोगी असतात, दाराशी जवळीक आणि रुंदी. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे शंभर गाड्यांच्या पार्किंगमध्ये किमान चार जागा राखीव लागतात, आणि त्यांतली किमान एक मोठ्या गाडीसाठी. तिच्या बाजूला आखलेल्या पट्ट्यांवर गाडीतून उतार टेकवून व्हीलचेअर खाली आणता येते. तुम्हाला जवळीक हवी आहे, रुंदी नको. तेव्हा दोन जागा मोकळ्या असतील तर रुंद जागा सोडून दुसरी घ्या. एकच मोकळी असेल तर ती निःसंकोच घ्या. पट्ट्यांवर चाक जाऊ देऊ नका, आणि इतर कुणी तिथे स्कूटर उभी केली तर रखवालदाराला सांगा. शंभरात चार म्हणजे मुळातच थोड्या. दोन गरजू माणसांनी त्या चारांवरून एकमेकांना कमी-जास्त अपंग ठरवत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून व्यवस्थापनाकडे जास्त जागा मागाव्यात आणि बिनपरवान्याच्या गाड्यांवर कारवाई मागावी.

यजमानांसाठीही एक निरोप. परवाना सहसा गाडीला नसतो, माणसाला असतो. तुम्ही सोबत नसताना, आणि तुम्हाला आणायला किंवा सोडायलाही ते जात नसताना, त्यांनी त्या जागेत गाडी लावू नये, कितीही घाई असली तरी. गाडी घरची असते, कार्ड समोरच ठेवलेलं असतं, मोह होतो. पण शेजाऱ्यांनी एकदा ते पाहिलं की तुमच्या खऱ्या गरजेवरचाही त्यांचा विश्वास जातो.

"आज बरं वाटतंय, आज ती जागा घेऊ नये का?" हा प्रश्न पत्रात नाही, पण तुम्हाला पडत असणार. मन असेल तर लांब लावा, तो तुमचा आनंद आहे. कर्तव्य मात्र समजू नका. गाडी लावताना कसं वाटतंय ते तुम्हाला माहीत असतं, परत येताना कसं वाटेल ते माहीत नसतं. जागेचा हिशेब परतीच्या वाटेवरून करायचा.

हे वाचणाऱ्या इतरांना, म्हणजे ज्यांना राखीव जागेत धडधाकट माणूस उतरताना दिसला की राग येतो त्यांना, एवढंच सांगते: काचेकडे बघा, पायांकडे नको. परवाना असेल तर विषय संपला. नसेल तर त्या माणसाशी हुज्जत न घालता तिथल्या व्यवस्थापनाला सांगा. परवाना लावायचा राहून गेला असेल तर ते तपासतील, लबाडी असेल तर दंडही तेच करू शकतील. ज्यांच्या हातात पार्किंग आहे त्यांनी रखवालदारांना हे एकदा नीट शिकवलं, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. परवान्याची मुदत बघून ठेवा आणि नूतनीकरणाच्या तपासणीला जाताना तुमच्यासारखी माणसं हमखास जी चूक करतात ती करू नका. डॉक्टर विचारतात, कसं चाललंय, आणि आपण सवयीने म्हणतो, "बरं आहे." तसं म्हणू नका. न थांबता किती अंतर जाता येतं, नंतर किती वेळ बसावं लागतं, गेल्या महिन्यात कुठे तोल गेला, उन्हात काय होतं, हे आठवडाभर एका कागदावर लिहा, त्यात वाईट दिवसही येऊ द्या, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात ठेवा.